ग्रंथ कोणी वाचायचा? युरोपातील धर्मसुधारणेची गोष्ट

इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायर नावाचा परगणा आहे. तेथील सेंटबरीच्या टेकडीवर १५४६ साली रॉबर्ट विल्यम्स नावाचा एक मेंढपाळ दुसऱ्याच्या मेंढ्या राखीत होता. त्याने ऑक्सफर्डहून चौदा पेनी किमतीचे एक छापील पुस्तक मागवून घेतले. मजुरी करणाऱ्या माणसाची ती काही दिवसांची कमाई होती. पुस्तकाच्या कोऱ्या जागेवर त्याने आपल्या वेड्यावाकड्या स्पेलिंगमध्ये एक नोंद करून ठेवली. मेंढपाळांनी बायबल वाचू नये असे ठरले तेव्हा हे पुस्तक आपण घेतले, देवाने हे आंधळेपण दूर करावे, असा तिचा आशय आहे. ती नोंद आजही उपलब्ध आहे.

मेंढपाळाने लिहिले ते खरे होते. १५४३ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने तसा कायदाच केला होता. कारागीर, शिकाऊ कामगार, नोकरचाकर, शेतकरी, मजूर आणि सामान्य घरातील स्त्रिया यांनी इंग्रजी बायबल वाचायचे नाही, असे त्यात ठरविले होते. सरदार-जमीनदारांना मोकळीक होती. त्यांच्या घरच्या स्त्रियांना एकांतात, स्वतःपुरते वाचण्याची परवानगी होती. ग्रंथ तोच, भाषाही रोजच्या बोलण्यातली, पण वाचणारा कोणत्या पायरीवरचा आहे हे पाहून दार उघडायचे की लावून घ्यायचे ते ठरणार.

आमच्या वाचकांना याचे नवल वाटणार नाही. कोणी शिकायचे आणि कोणी नाही हे वरच्या पायरीवरच्यांनी ठरवायचे, ही रीत आपल्या आजा-पणजांनी अंगावर सोसलेली आहे. नवल वाटावे अशी गोष्ट वेगळीच आहे. हा कायदा झाला तो आठव्या हेन्रीच्या राज्यात, आणि हा राजा पोपची सत्ता झुगारून देणारा होता. चारच वर्षे आधी, १५३९ मध्ये, त्याच्याच कारकिर्दीत मोठे इंग्रजी बायबल छापून चर्चाचर्चांतून ठेवले गेले होते. लोक वाचू लागले, वाचता वाचता वाद घालू लागले आणि राजा बिथरला.

शाळेत मुले हा विषय घोकून पाठ करतात. मार्टिन ल्यूथर, पंच्याण्णव मुद्दे, प्रॉटेस्टंट पंथ, प्रतिसुधारणा, संपले. परीक्षेपुरते ते ठीक आहे. पण ही उलथापालथ का झाली, तिच्यातून कोणाला काय मिळाले आणि कोण दाराबाहेरच राहिले, हे घरातील मोठ्यांनी आणि मुलांनी एकत्र बसून वाचावे अशी आमची इच्छा आहे. त्यासाठीच हा लेख.

दुखणे जुने होते

सोळाव्या शतकाच्या आरंभी पश्चिम युरोपात एकच चर्च होते आणि त्याचा प्रमुख रोमचा पोप होता. जन्म, लग्न, मृत्यू, सणवार सारे चर्चच्या घंटेवर चाले. शेतकऱ्याच्या पिकाचा दहावा हिस्सा चर्चचा म्हणून काढून घेतला जाई. कित्येक ठिकाणी मठ हेच गावचे जमीनदार होते. उपासना चाले ती लॅटिन भाषेत. नांगर धरणाऱ्याला किंवा त्याच्या बायकोला त्यातले अक्षरही कळत नसे.

ही बलाढ्य सत्ता आतून पोखरली गेली होती. १३०९ ते १३७७ या काळात पोप रोम सोडून फ्रान्सच्या राजाच्या सावलीत आव्हिन्यों येथे राहत होते. १३७८ पासून एकाच वेळी दोन पोप झाले आणि १४०९ नंतर तीन! प्रत्येकजण दुसऱ्याला बहिष्कृत करी. हे भांडण १४१७ मध्ये मिटले, पण लोकांच्या मनातला आदर उणावला तो उणावलाच. चर्चमधील मोठी पदे पैशाने मिळत. एकेका बिशपकडे दोन-तीन ठिकाणचे पद असे आणि काही ठिकाणी तो फिरकतही नसे. गावचा पाद्री पुष्कळदा अर्धवट शिकलेला असे.

लोक धर्माला विटले होते असे मात्र कोणी समजू नये. त्यांची भक्ती खरी होती, म्हणूनच फसवणुकीचा संताप मोठा होता.

तक्रार करणारे आधीही झाले. इंग्लंडमध्ये जॉन विक्लिफने चौदाव्या शतकात चर्चच्या संपत्तीवर टीका केली. त्याच्या अनुयायांनी बायबल इंग्रजीत आणले. १३८४ मध्ये तो वारला, तरी १४२८ मध्ये त्याची हाडे उकरून जाळण्यात आली. बोहेमियातील यान हुस याला अभयवचन देऊन कॉन्स्टन्सच्या धर्मसभेपुढे बोलावले आणि ६ जुलै १४१५ रोजी जिवंत जाळले.

मग हुसला जे साधले नाही ते शंभर वर्षांनी ल्यूथरला कसे साधले? आमच्या मते याची तीन कारणे आहेत. पहिले, छापखाना. गुटेनबर्गचे बायबल १४५५ च्या सुमारास छापून झाले आणि पुढच्या पन्नास वर्षांत युरोपातील शहराशहरांत छापखाने निघाले. माणूस जाळता येतो, पण हजार प्रती हजार घरांत गेल्यावर त्या गोळा करणे कठीण. दुसरे कारण म्हणजे नवी विद्या. लोरेन्झो व्हाल्ला या इटालियन पंडिताने १४४० मध्ये दाखवून दिले की, ज्या दानपत्राच्या आधारे पोप राजसत्तेवर हक्क सांगत ते बनावट आहे. इरॅस्मसने १५१६ मध्ये नव्या कराराची मूळ ग्रीक संहिता छापली. मूळ पाहता येऊ लागले तेव्हा ‘आम्ही सांगतो म्हणून खरे’ हे चालेनासे झाले. तिसरे कारण राजकीय. जर्मनी तेव्हा शेकडो लहानमोठ्या संस्थानांत विभागलेला होता. आपला पैसा रोमला वाहून जातो याचा तेथील राजांना राग होता, आणि त्यांच्यावरचा सम्राट पाचवा चार्ल्स फ्रान्स व तुर्कांशी लढण्यात गुंतलेला होता.

पापमुक्तीचा बाजार

ठिणगी पडली ती पैशावरून. माणूस मेल्यावर स्वर्गात जाण्याआधी त्याला पापांबद्दल काही काळ यातना सोसाव्या लागतात, अशी शिकवण होती. या यातना चर्च कमी करू शकते असे मानले जाई आणि तसे पापमुक्तिपत्र देणगीच्या बदल्यात मिळे. १४७६ मध्ये पोप चौथा सिक्स्टस याने मेलेल्या आप्तांसाठीही ही सवलत लागू केली. आता मुलगा मृत आईसाठी पत्र घेऊ शकत होता. दुःखी माणसाच्या मायेवर उभारलेला हा व्यवहार होता.

ब्रांडेनबर्गचा आल्ब्रेख्ट हा तिशीही न गाठलेला राजपुत्र. त्याच्याकडे आधीच एक आर्चबिशपपद होते. १५१४ मध्ये त्याला माइन्झचेही पद हवे झाले. नियमाबाहेरच्या या गोष्टीसाठी रोमला मोठी रक्कम भरावी लागली. ती त्याने आउग्सबर्गच्या फुगर या सावकारी पेढीकडून कर्जाऊ काढली. कर्ज फेडण्यासाठी त्याच्या मुलखात पापमुक्तिपत्रे विकण्याची परवानगी मिळाली. अर्धे उत्पन्न रोमच्या सेंट पीटर चर्चच्या बांधकामाला, अर्धे फुगरांच्या कर्जाला! दर माणसाच्या दर्जाप्रमाणे ठरले होते. राजघराण्याला २५ सोन्याची नाणी, लहानसहान माणसाला अर्धे. निर्धनाने उपास आणि प्रार्थना करावी, अशी सोय कागदावर होती. योहान टेट्झेल हा प्रचारक गावोगाव फिरू लागला.

ल्यूथर पुढे येतो

मार्टिन ल्यूथर हा तांब्याच्या खाणीत पैसा मिळविलेल्या कुटुंबातला मुलगा. १४८३ चा जन्म. बापाला त्याला वकील करायचे होते, पण तो १५०५ मध्ये मठात गेला. पुढे विटेनबर्गच्या विद्यापीठात तो धर्मशास्त्र शिकवू लागला. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी त्याने पापमुक्तिपत्रांच्या व्यवहारावर पंच्याण्णव मुद्दे लिहून ते आल्ब्रेख्टकडेच पाठविले. चर्चच्या दारावर ते त्याने स्वतः ठोकले की नाही यावर अभ्यासकांत वाद आहे. पण काही आठवड्यांतच ते छापले गेले आणि जर्मनीभर पसरले, याबद्दल वाद नाही.

त्याचे म्हणणे थोडक्यात असे. माणसाचा उद्धार पैशाने किंवा कर्मकांडाने होत नाही, श्रद्धेने होतो. धर्मात प्रमाण ग्रंथ आहे, पोप नव्हे. आणि श्रद्धा ठेवणारा प्रत्येक माणूस देवापुढे पुरोहितच आहे. हे तिसरे म्हणणे सर्वांत स्फोटक होते. पुरोहित आणि सामान्य माणूस हे दोन वेगळ्या प्रतीचे नाहीत असे एकदा म्हटले की शेकडो वर्षांची उतरंड डळमळते.

पोपने त्याला बहिष्कृत करण्याची धमकी दिली. १० डिसेंबर १५२० रोजी ल्यूथरने तो हुकूमनामा जाळला. एप्रिल १५२१ मध्ये वर्म्सच्या राजसभेत सम्राटासमोर उभे राहूनही त्याने लिहिलेले मागे घेतले नाही. सॅक्सनीच्या राजाने त्याला वार्टबर्ग किल्ल्यात लपवून ठेवले आणि तेथे त्याने नवा करार जर्मन भाषेत उतरविला. तो सप्टेंबर १५२२ मध्ये छापून निघाला. जर्मन बायबल पूर्वी नव्हते असे नाही. १४६६ पासून अठरा वेळा ते छापले गेले होते. पण ते लॅटिनवरून केलेले आणि बोजड होते. ल्यूथरने ग्रीकवरून, घरात आणि बाजारात बोलली जाणारी भाषा वापरून लिहिले. ज्यांना वाचता येत नव्हते ते वाचणाऱ्याभोवती बसून ऐकू लागले. १५२४ मध्ये त्याने शहरांच्या कारभाऱ्यांना जाहीर पत्र लिहून मुलांसाठी आणि मुलींसाठी शाळा काढण्याचा आग्रह धरला.

बारा कलमे

आता या कथेतील सर्वांत कडू भाग येतो. आमच्या मते धर्मसुधारणेची खरी परीक्षा येथेच झाली.

शेतकऱ्यांनी ग्रंथ ऐकला आणि त्याचा अर्थ आपल्या जगण्याला लावला. दक्षिण जर्मनीत पुष्कळ शेतकरी भूदास होते. मालकाच्या परवानगीशिवाय गाव सोडता येत नसे. नदीतला मासा, रानातले लाकूड मालकाचे. घरचा कर्ता मेला की विधवेच्या गोठ्यातले चांगले जनावर मालक ओढून नेई. मार्च १५२५ मध्ये मेमिंगेन शहरात शेतकऱ्यांनी आपल्या मागण्यांची बारा कलमे तयार केली. ती लिहिणाऱ्यांत सेबास्टियान लोत्झर नावाचा कातडी कमावून लोकरीचे कपडे शिवणारा कारागीर होता. गावाला आपला पाद्री निवडण्याचा हक्क हे पहिले कलम. ख्रिस्ताने सर्वांसाठी रक्त सांडले असेल तर आम्ही कोणाची मालमत्ता कसे, असे विचारून भूदासपद रद्द करा, हे तिसरे. विधवा-अनाथांना लुबाडणारा तो मृत्युकर बंद करा, हे अकरावे. आणि बारावे असे की, आमची एखादी मागणी ग्रंथाविरुद्ध आहे हे दाखवून द्या, आम्ही ती सोडून देऊ. किती सरळ माणसे! काही महिन्यांत या कलमांच्या वीसहून अधिक आवृत्त्या छापल्या गेल्या.

त्यांना वाटले होते ल्यूथर आपल्या बाजूने उभा राहील. त्याने आधी मालकांनाही खडसावले. पण तिसऱ्या कलमाला त्याचे उत्तर असे होते की, ख्रिस्ताने दिलेले स्वातंत्र्य आत्म्याचे आहे, देहाचे नव्हे. गुलामही चांगला ख्रिस्ती असू शकतो. सर्वांना सारखे करून जगाचे राज्य चालत नाही. पुढे बंड चिघळले. वाइन्सबर्ग येथे शेतकऱ्यांनी एका सरदाराला त्याच्या माणसांसह ठार केले. तेव्हा ल्यूथरने दुसरी पुस्तिका लिहून राजांना सांगितले की, या बंडखोरांना दिसतील तेथे कापून काढा.

राजांना सांगण्याची गरज नव्हतीच. १५ मे १५२५ रोजी फ्रांकनहाउझेनच्या टेकडीवर शेतकऱ्यांची फौज तोफांपुढे सापडली आणि हजारो मारले गेले. त्यांच्या बाजूने उभा राहिलेला धर्मोपदेशक थॉमस म्युन्ट्झर याला पकडून, छळ करून शिरच्छेद करण्यात आला. या युद्धात सत्तर हजार ते एक लाख माणसे मेली असावीत, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. भूदासपद तसेच राहिले.

यानंतर सुधारणेची सूत्रे गावाकडून राजांकडे गेली. १५२९ मध्ये श्पायरच्या राजसभेत ज्या सहा राजांनी आणि चौदा शहरांनी निषेध नोंदविला त्यांच्यावरूनच ‘प्रॉटेस्टंट’ हे नाव पडले. निषेध करणारे राजे होते, शेतकरी नव्हते. इंग्लंडात तर सुधारणा राजाच्या लग्नावरून सुरू झाली. पोप काडीमोड देईना म्हणून हेन्री १५३४ मध्ये स्वतःच चर्चप्रमुख झाला आणि पुढील सहा वर्षांत मठांच्या जमिनी ताब्यात घेऊन त्याने बहुतेक सरदार-जमीनदारांना विकल्या. नांगर हाकणाऱ्या पोरालाही ग्रंथ कळावा म्हणून इंग्रजी भाषांतर करणाऱ्या विल्यम टिंडेलला १५३६ मध्ये परमुलखात गळा आवळून मारले व त्याचे प्रेत जाळले. सेंटबरीच्या मेंढपाळाचा कायदा आला तो या पार्श्वभूमीवर.

बहिणींचे काय झाले?

बव्हेरियातील आर्गुला फॉन ग्रुम्बाख ही चार मुलांची आई. १५२३ मध्ये इंगोलश्टाट विद्यापीठाने एका तरुण शिक्षकाला ल्यूथरची मते मांडली म्हणून अटक करून मते सोडायला लावली. आर्गुलाने विद्यापीठाच्या पंडितांना पत्र लिहिले. मला लॅटिन येत नाही, तुम्हांला जर्मन येते. माझ्याशी जर्मनमध्ये वाद करा, असे तिचे आव्हान होते. पत्र छापले गेले आणि पुन्हा पुन्हा छापले गेले. पंडितांनी उत्तर दिले नाही. तिच्या नवऱ्याची नोकरी मात्र गेली.

मठ बंद झाल्यावर काही स्त्रिया सुटल्या. कॅथरिना फॉन बोरा ही आपल्या सोबतिणींसह १५२३ मध्ये मठातून निसटली आणि दोन वर्षांनी ल्यूथरची पत्नी झाली. शेती, गोठा, दारूची भट्टी आणि घरी राहणारे विद्यार्थी हा सारा संसार तिने सांभाळला. पण मठ ही स्त्रीला लिहिण्या-वाचण्याची आणि नवऱ्याविना जगण्याची एक जागाही होती. प्रॉटेस्टंट मुलखात ती जागा गेली आणि स्त्रीला घर हाच एक धर्म उरला. कॅथॉलिक मुलखातही निराळे चित्र नव्हते. मेरी वॉर्ड या इंग्रज स्त्रीने मुलींच्या शिक्षणासाठी काढलेली, मठाच्या भिंतींबाहेर काम करणारी संस्था पोपने १६३१ मध्ये मोडून टाकली. चेटकीण ठरवून मारण्याच्या बाबतीत दोन्ही पंथ सारखेच निघाले. पंधराव्या ते अठराव्या शतकात युरोपात सुमारे चाळीस ते पन्नास हजार माणसे या आरोपाखाली मारली गेली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या.

सुधारकांची चिता

स्वतः बंड करणाऱ्याला दुसऱ्याचे बंड सोसत नाही, हाही धडा या काळाने दिला. झुरिकमध्ये झ्विंग्लीने सुधारणा केली. बाप्तिस्मा समजत्या वयातच घ्यावा असे म्हणणारे काही त्याचेच साथीदार होते. त्यांपैकी फेलिक्स मान्झ याला जानेवारी १५२७ मध्ये नदीत बुडवून मारण्यात आले. जिनीव्हात काल्व्हिनच्या काळात, २७ ऑक्टोबर १५५३ रोजी, मिगेल सर्व्हेटस या स्पॅनिश विद्वानाला वेगळ्या मतासाठी जाळले. ल्यूथरने १५४३ मध्ये ज्यूंविरुद्ध अत्यंत विखारी पुस्तक लिहिले आणि त्यांची प्रार्थनास्थळे जाळावीत असे सुचविले. चारशे वर्षांनी नाझींनी त्याचा उपयोग करून घेतला. जागतिक ल्यूथरन संघाने १९८४ मध्ये ही लिखाणे जाहीरपणे नाकारली. थोर माणसाचे थोरपण मान्य करूनही त्याची चूक चूक म्हणावी लागते.

सर्व्हेटसला जाळल्यावर सेबास्टियन कास्टेलियो या शिक्षकाने मात्र निर्भयपणे लिहिले की, मतासाठी माणूस मारल्याने मत सिद्ध होत नाही. त्या वेळी तो एकटा पडला. पुढची शतके त्याच्या बाजूने गेली.

रोमची सुधारणा

कॅथॉलिक चर्च नुसते हात बांधून बसले होते असे नाही. स्पेनमध्ये कार्डिनल सिस्नेरोसने ल्यूथरच्या आधीच मठांना शिस्त लावली होती आणि आल्काला येथे विद्यापीठ काढले होते. म्हणून पुष्कळ इतिहासकार आता नुसते ‘प्रतिसुधारणा’ न म्हणता ‘कॅथॉलिक सुधारणा’ असेही म्हणतात. १५३५ मध्ये ब्रेशा येथे अँजेला मेरिचीने अर्सुलाइन संघ स्थापला. त्यातून पुढे मुलींच्या अनेक शाळा निघाल्या. १५४० मध्ये इग्नेशियस लॉयोलाच्या जेझुइट संघाला मान्यता मिळाली. जेझुइटांनी युरोपभर उत्तम शाळा काढल्या.

१५४५ ते १५६३ या काळात ट्रेंट येथे थांबत थांबत धर्मसभा भरली. बिशपने आपल्या क्षेत्रात राहिलेच पाहिजे, पाद्री तयार करण्यासाठी प्रत्येक क्षेत्रात शाळा हवी, असे तिने ठरविले. पापमुक्तिपत्रांचे विक्रेते बंद झाले आणि १५६७ मध्ये पोप पाचवा पायस याने पैसे घेऊन दिलेल्या सवलती रद्द केल्या. ल्यूथरची मूळ तक्रार अशी पन्नास वर्षांनी मान्य झाली. पण सिद्धान्तात रोम तसूभरही हलले नाही. उपासना लॅटिनमध्येच राहिली. १५५९ मध्ये निषिद्ध पुस्तकांची यादी निघाली आणि १५६४ च्या यादीनुसार लोकभाषेतील बायबल वाचण्यासाठी लेखी परवानगी लागू लागली. ही यादी १९६६ मध्ये रद्द झाली. लोकभाषेत उपासना सुरू झाली तीही त्याच दशकात, दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेनंतर.

लाट आपल्या किनाऱ्यावर

या घडामोडी आपल्या मुलखापर्यंतही पोचल्या. जेझुइट फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरला. भारतातील पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यातच, जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजात सुरू झाला. पण झेवियरने १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाकडे इन्क्विझिशनचीही मागणी केली होती. हे धर्मन्यायालय १५६० मध्ये गोव्यात आले आणि मधला थोडा काळ सोडता १८१२ पर्यंत चालले. धर्मांतरित लोक जुने रीतिरिवाज चोरून पाळतात काय, यावर त्याची नजर असे.

इंग्लंड प्रॉटेस्टंट झाल्यामुळे देश सोडलेला थॉमस स्टीफन्स हा कॅथॉलिक १५७९ मध्ये गोव्यात आला. त्याने मराठी शिकून ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये छापले गेले. युरोपात लोकभाषेतील बायबलला परवानगी लागत होती, तेव्हा गोव्यात लोकभाषेत ख्रिस्तकथा गायली जात होती. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषा तीन वर्षांत सोडून देण्याचा हुकूम काढला. गोव्याच्या ख्रिस्ती समाजात जाती मात्र धर्म बदलूनही टिकून राहिल्या. शेतकऱ्यांना दिलेले जर्मनीतील उत्तर येथेही वेगळ्या शब्दांत लागू झाले. आत्मा बदलला, पायरी बदलली नाही.

दुसरी वाट स्कॉटलंडहून आली. तेथे जॉन नॉक्स आणि त्याच्या साथीदारांनी १५६० मध्ये चर्चची जी योजना आखली तिच्यात गावोगाव शाळा असावी असे म्हटले होते. ते पुरे व्हायला पिढ्या लागल्या, पण शाळा हे चर्चचे काम आहे ही दृष्टी तेथे रुजली. त्याच स्कॉटिश परंपरेच्या मिशनची शाळा पुण्यात होती आणि तिच्यात १८४१ ते १८४७ या काळात जोतीराव फुले शिकले. १८४८ मध्ये त्यांनी आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती कोणा मिशनच्या आज्ञेने नव्हे, स्वतःच्या बुद्धीने. बाहेरून आलेले अक्षर त्यांनी आपल्या माणसांच्या कामाला लावले.

युद्धाच्या राखेतून

१५५५ च्या आउग्सबर्ग तहात राजाचा पंथ तोच प्रजेचा असे ठरले. फ्रान्समध्ये ऑगस्ट १५७२ मध्ये पॅरिस व इतर शहरांत हजारो प्रॉटेस्टंटांची कत्तल झाली. १५९८ मध्ये त्यांना मिळालेले हक्क १६८५ मध्ये काढून घेतले गेले. १६१८ पासून तीस वर्षे जर्मनी युद्धात जळत राहिला. माग्डेबर्ग शहरात १६३१ मध्ये सुमारे वीस हजार माणसे मेली. कॅथॉलिक फ्रान्स प्रॉटेस्टंट स्वीडनच्या बाजूने उतरला, यावरून धर्माच्या नावाखाली काय चालले होते ते कळते. १६४८ मध्ये तह झाला तेव्हा जर्मनीची निदान पाचवा हिस्सा लोकसंख्या नाहीशी झाली होती. दुसऱ्याचे मत सोसून घेण्याची सवय युरोपला लागली ती पुष्कळ अंशी थकव्यातून.

पण अक्षर मागे गेले नाही. स्वीडनमध्ये १६८६ च्या चर्च कायद्याने मुलामुलींना, नोकरांनाही वाचता आले पाहिजे असे ठरविले आणि पुढील काही पिढ्यांत तेथे वाचता न येणारा माणूस दुर्मिळ झाला. १५४३ चा तो इंग्रजी कायदाही हेन्रीच्या मृत्यूनंतर, १५४७ मध्ये, रद्द झाला.

बाबासाहेबांनी जातिसंस्थेच्या निर्मूलनावरील आपल्या १९३६ च्या न झालेल्या भाषणात ल्यूथरच्या सुधारणेचा दाखला दिला आहे. राजकीय मुक्तीच्या आधी मनाची आणि धर्माची मुक्ती व्हावी लागते, हा त्यांचा मुद्दा होता. आम्ही त्याला शेतकऱ्यांच्या बारा कलमांची आठवण जोडू इच्छितो. जी सुधारणा गावातल्या शेवटच्या घरापर्यंत जात नाही ती अर्ध्यावरच थांबते, आणि मग उरलेले अर्धे काम बाहेर ठेवलेल्यांनाच करावे लागते.

तसे ते झालेही. १६८८ मध्ये अमेरिकेतील जर्मनटाउन वस्तीत चार क्वेकर गृहस्थांनी गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध केला. शेतकऱ्यांच्या तिसऱ्या कलमाचाच प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला. १९३४ मध्ये अटलांटाचे एक काळे धर्मोपदेशक, मायकेल किंग, बर्लिनच्या परिषदेला जाऊन आले. परतल्यावर त्यांनी आपले आणि आपल्या पाच वर्षांच्या मुलाचे नाव बदलून ‘मार्टिन ल्यूथर’ केले. तो मुलगा मोठा झाला. १० जुलै १९६६ रोजी शिकागोच्या नगरभवनाच्या दारावर त्याने घरांच्या आणि हक्कांच्या मागण्यांचा कागद लावला. ल्यूथरने ज्यांना देहाचे स्वातंत्र्य नाकारले असते, त्यांच्याच वंशजाने त्याचे नाव घेऊन ते मागितले.

वाचकहो, घरात एखादे पुस्तक घेतले तर पहिल्या पानावर तारीख घाला, आपले नाव घाला, आणि ते का घेतले हेही दोन ओळींत लिहून ठेवा. सेंटबरीच्या मेंढपाळाने तेवढेच केले होते.